पित्ताशयाचा कॅन्सर : आधी किमो, मग ऑपरेशन?

उंबरठा :
आत्याला (वय ५८) पित्ताशयाचा कॅन्सर निघाला आहे. पित्तखडे आहेत हे बरीच वर्षं माहीत होतं, त्रास नव्हता म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. आता उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, वजन उतरलं, म्हणून सोनोग्राफी, मग सीटी, मग पेट स्कॅन असं एकामागून एक झालं. गाठ पित्ताशयाच्या भिंतीतून यकृतात शिरली आहे, जवळचे लिम्फ नोड (रसग्रंथी) मोठे झालेत, लांब कुठे पसरलेला दिसत नाही. कावीळ नाही. सुईने तुकडा घेऊन तपासला, ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथीसारख्या पेशींचा कॅन्सर).

डॉक्टर म्हणाले आधी किमो. जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन, तीन-चार सायकल, मग परत स्कॅन, मग ऑपरेशनचं बघू.

घरात दोन तट पडलेत. आतोबांचं म्हणणं, गाठ दिसते आहे तर काढून टाका, एवढे महिने पोटात कशाला ठेवायची? आत्येभाऊ म्हणतो, 'बघू' म्हणजे डॉक्टरांनी हात वर केलेत, फक्त तोंडावर सांगत नाहीत. आत्या काहीच बोलत नाही.

कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा. उपचाराचा सल्ला मागत नाहीये, तो डॉक्टर देतीलच. हा क्रम नेमका कशासाठी, एवढंच समजून घ्यायचं आहे.

गप्पिष्ट :
आत्यांना लवकर आराम पडो. वाचतेय.

आडवाट :
मी आतोबांच्या बाजूने. माझ्या वडिलांचंही असंच 'आधी किमो' झालं. मध्येच कावीळ झाली, पित्तनलिकेत स्टेंट (पित्त वाहतं ठेवणारी नळी) टाकला, त्यात थंडी वाजून ताप, किमो थांबली. पुन्हा सुरू होईपर्यंत अशक्तपणा इतका की उठून बसवत नव्हतं. नंतरच्या स्कॅनमध्ये यकृतात दुसरीकडे डाग. ऑपरेशनचा विषय तिथेच संपला. पहिल्या आठवड्यात कापलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न आमच्या घरात अजून कुणी मोठ्याने विचारत नाही, पण आहे.

शस्त्रवैद्य :
उंबरठा, पेशंट आणि स्कॅन न बघता त्यांचं काय करावं हे मी सांगणार नाही. क्रमाबद्दल विचारलंत, तेवढ्याचं उत्तर देतो. (पोटाच्या कॅन्सरची ऑपरेशनं करतो, म्हणजे माझा ओढा कापण्याकडेच असणार, हे धरून वाचा.)

पित्ताशयाची भिंत फार पातळ असते. आतड्याच्या भिंतीत सबम्युकोसाचा जो थर असतो तो इथे नाही, आणि यकृताला चिकटलेल्या बाजूला वरचं आवरणही नाही. त्यामुळे अस्तरात सुरू झालेली गाठ जरा वाढली की थेट यकृतात. शेजारी पित्तनलिका, यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या, ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात), मोठं आतडं, सगळे एकमेकांना खेटून. अगदी सुरुवातीच्या टी१ए टप्प्यात नुसतं पित्ताशय काढून भागतं. टी१बीपासून (गाठ भिंतीतल्या स्नायूत शिरली की) पुढे मात्र पित्ताशय, त्याच्यालगतचं यकृत (बहुधा ४बी आणि ५ हे भाग) आणि त्या पट्ट्यातले लिम्फ नोड, असं सगळं एकत्र काढतात. त्याहून पुढे गेलेला असेल तर कधी पित्तनलिकाही, कधी अर्ध्याहून जास्त यकृत.

एवढं करून उपयोग कधी? काढलेल्या भागाच्या कडेला सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरची पेशी दिसली नाही तर. कडेला पेशी राहिल्या तर इतक्या मोठ्या ऑपरेशनमधून पेशंटच्या पदरात फारसं काही पडत नाही, उलट भरून येईपर्यंत कितीतरी आठवडे किमो देता येत नाही. त्या आठवड्यांत शिल्लक राहिलेल्या रोगाला मोकळं रान.

आता आत्यांसारखी केस घ्या. यकृतात शिरलेली गाठ, मोठे नोड, बाहेर काही दिसत नाही. इथे दोन गोष्टी आधी कळायला हव्यात. गाठ स्वच्छ कडेने निघेल का? आणि स्कॅनला न दिसणारं काही आहे का? पोटाच्या आवरणावर एक-दोन मिलिमीटरचे ठिपके असतील तर पेट स्कॅनही ते दाखवत नाही. आधी किमो दिली की गाठ आणि नोड आकसण्याची शक्यता असते, आणि सुटलेल्या पेशींवर पहिल्या दिवसापासून औषध पडतं. तिसरं म्हणजे रोगाचा स्वभाव दिसतो. औषध चालू असतानाही जो पसरतो, तो ऑपरेशनने थांबला नसता.

किमो आधी की ऑपरेशन आधी, यावर या कॅन्सरमध्ये मोठ्या तुलनात्मक चाचण्यांचा ढीग नाही, हेही सांगतो. त्यामुळे सहज निघण्यासारखी गाठ असेल तर बरेच सर्जन आजही आधी ऑपरेशनच करतात. 'आधी किमो' म्हणजे हात वर केले, असं नाही. हात वर करायचे असते तर 'परत स्कॅन करून बघू' कशाला म्हणाले असते?

आडवाट :
"जो पसरतो, तो ऑपरेशनने थांबला नसता." हे वाक्य आम्हालाही तेव्हा ऐकवलं होतं. सोयीचं आहे. सिद्ध करता येत नाही आणि खोडताही येत नाही.

शस्त्रवैद्य :
एका पेशंटच्या बाबतीत सिद्ध करता येत नाही, मान्य. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मी ठामपणे काही म्हणूच शकत नाही. पण तुमच्या पोस्टमधली कावीळ महत्त्वाची आहे. पित्तनलिका दाबली गेली की कावीळ होते. बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं पिवळं द्रव्य) उतरल्याशिवाय ना किमो धड देता येते ना यकृताचा मोठा भाग कापता येतो. स्टेंट अडला की जंतुसंसर्ग. किमोचा काळ वाया जातो तो बऱ्याचदा इथे. म्हणून किमो चालू असताना नलिकेवर डोळा ठेवणं हे किमोइतकंच मोठं काम. कावीळ घेऊनच आलेल्या पेशंटचं एकूण चित्र अवघड असतं, हेही खरं.

तिरकस :
डॉक्टर मंडळी सोडून इतरांनी लिहायला बंदी आहे का या धाग्यावर?

मोरपीस :
बंदी नाही, मी लिहिते. आईचं हे सगळं झालं, याच क्रमाने.

जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिनची सायकल २१ दिवसांची. पहिल्या दिवशी आणि आठव्या दिवशी सलाईन, मग सुट्टी. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला जड, म्हणून आधी आणि नंतर सलाईनच्या बाटल्या, मॅग्नेशियम, आणि लघवी किती झाली याचा हिशोब. त्यामुळे अर्धा-पाऊण दिवस तिथेच. उलटीची औषधं आता चांगली आहेत, आईला उलट्या फारशा झाल्या नाहीत, पण अन्नावरची वासना उडाली. कानात गुणगुण सुरू झाली ती आम्ही आधी टीव्हीच्या आवाजावर ढकलली. ती सिस्प्लॅटिनची निघाली. सांगितल्यावर डॉक्टरांनी कान तपासून घेतले, तेव्हा अशा गोष्टी गिळून टाकू नका. आठव्या दिवसाच्या आधी रक्त तपासतात आणि प्लेटलेट उतरलेल्या असल्या की तो डोस पुढे ढकलतात. जेमसिटाबिनने हे बऱ्याचदा होतं. आम्ही पहिल्या वेळी रडकुंडीला आलो होतो, बाजूच्या खुर्चीतल्या काकू म्हणाल्या, "होतं गं, पुढच्या आठवड्यात चढतात."

मग स्कॅन. गाठ लहान झाली होती, नोड जवळजवळ दिसेनासे. तरी सर्जन म्हणाले, आधी दुर्बीण घालून आत नजर टाकू, ठिपके दिसले तर तिथेच थांबू. मग पोट उघडून महाधमनीजवळचा एक नोड काढून लगेच तपासायला पाठवणार, त्यात कॅन्सर निघाला तरी थांबणार. हे सगळं आदल्या दिवशी कागदावर चित्र काढून समजावलं होतं.

त्याचा परिणाम असा की ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसून आम्ही सगळे घड्याळाकडे बघतोय आणि मनात एकच, की कुणी लवकर बाहेर येऊ नये. एरवी लोक ऑपरेशन लवकर संपावं म्हणून देव पाण्यात घालतात. पहिल्या तासाभरात दार उघडलं तेव्हा बाबा उभे राहिले ते खाली बसेचनात. वॉर्डबॉय दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारत होता.

संध्याकाळ झाली. निघालं सगळं. नंतर पित्त गळत होतं, त्यामुळे पोटातली नळी घरी घेऊन यावी लागली, ती हळूहळू बंद झाली. रिपोर्टमध्ये कडा स्वच्छ, एका नोडमध्ये जिवंत पेशी. पुढे गोळ्यांची किमो झाली. आता तपासण्या चालू आहेत, आई घरात हिंडतीफिरती आहे.

आडवाट, तुमचं वाचून फार वाईट वाटलं. आमचं जमलं यात आमची काही हुशारी नव्हती.

गप्पिष्ट :
मोरपीस, घड्याळाचं वाचून अंगावर काटा आला.

सावली :
मी स्वतः पेशंट, पण माझा क्रम उलटा. खड्यांसाठी दुर्बिणीतून साधं ऑपरेशन झालं. टाके काढायला गेले तेव्हा सर्जननी दार लावून घेतलं. पित्ताशय तपासणीला गेलं होतं त्यात कॅन्सर, टी२ (भिंतीतल्या स्नायूच्या पलीकडे गेलेला). पुन्हा उघडून यकृताचा भाग आणि नोड काढले. मग कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सहा महिने. तळहात-तळपाय लाल, सोलपटतात, बरणीचं झाकण फिरवता येत नाही. युरिया असलेलं क्रीम पहिल्या दिवसापासून लावा, सोलायला लागल्यावर नाही.

काचपट्टी :
सावली, तुमच्या सर्जनना मनापासून सलाम. मी पॅथॉलॉजिस्ट, दिवसभर काचपट्ट्या बघते. खड्यांसाठी काढलेलं प्रत्येक पित्ताशय तपासायला गेलंच पाहिजे. अजूनही काही ठिकाणी खडे डबीत घालून नातेवाइकांच्या हातात देतात आणि पित्ताशय कचऱ्यात. नातेवाईक खडे मोजत बसतात. पुढे काही महिन्यांनी कावीळ होऊन पेशंट परत येतो तेव्हा मूळ पित्ताशयाची पट्टीच नसते.

अशा अचानक सापडलेल्या कॅन्सरमध्ये दुसरं ऑपरेशन साधारण पहिल्यानंतर चार ते आठ आठवड्यांत झालेलं बरं, असं एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. फार घाई केली तर पहिल्या ऑपरेशनची सूज असते आणि लपलेला रोग उघड व्हायला वेळ मिळत नाही. फार उशीर केला तर रोग पुढे जातो.

तिरकस :
आमच्या काकांनी खड्यांची डबी दिवाणखान्यात ठेवली आहे. पाहुण्यांना दाखवतात. पित्ताशयाचं काय झालं हे आज विचारतो.

काचपट्टी :
विचाराच. आणि रिपोर्ट मागा.

बोलका_पोपट :
मुळात खडेच होऊ दिले नाहीत तर हे सगळं टळेल. लिव्हर फ्लशने (तेल आणि लिंबाचा रस) माझ्या मेव्हण्याचे खडे सकाळी पडून गेले, हिरवे, डोळ्याने पाहिलेत.

काचपट्टी :
ते हिरवे मऊ गोळे तेलाचेच असतात. आतड्यात तेलाचं साबणासारखं काहीतरी होतं आणि पित्ताने हिरवा रंग येतो. असे गोळे तपासल्यावर त्यात पित्तखड्याचं काही सापडलेलं नाही. मेव्हण्यांची सोनोग्राफी फ्लशच्या आधी आणि नंतर झाली का, तेवढं विचारा. आणि धाग्यावर कॅन्सरचा पेशंट आहे, त्यांना हे सुचवू नका.

बोलका_पोपट :
मी फक्त अनुभव सांगितला. असो.

आकडेमोड :
थोडे आकडे, कारण कुणीतरी गूगल करणारच.

जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन हा जोड रूढ झाला तो २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एबीसी-०२ या ब्रिटिश चाचणीमुळे. ४१० रुग्ण, पित्तमार्गाचे सगळे कॅन्सर मिळून. आयुष्याचा मध्यक (मीडियन) ११.७ महिने, नुसत्या जेमसिटाबिनवर ८.१. त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समधला एक छोटा अभ्यास आला, ८१ रुग्ण, फक्त पित्ताशयाचा कॅन्सर, ऑपरेशन न होण्यासारखा. जेमसिटाबिन-ऑक्सॅलिप्लॅटिनवर ९.५ महिने, नुसत्या आधार-उपचारांवर ४.५. नंतर जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिनच्या जोडीत इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं औषध) घालून थोडी भर पडली, टोपाझ-१ चाचणीत ड्युर्व्हालुमॅब आणि कीनोट-९६६ चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब.

सावलीताईंच्या गोळ्यांमागे बिल्कॅप ही चाचणी. ४४७ रुग्ण, ऑपरेशननंतर सहा महिने कॅपेसिटाबिन विरुद्ध नुसती देखरेख, २०१९ मध्ये प्रसिद्ध. आयुष्याचा मध्यक ५१.१ महिने विरुद्ध ३६.४. सगळ्या रुग्णांचं गणित धरलं तर फरक सांख्यिकीच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही, तरी वापर तेव्हापासून रूढ झाला.

उंबरठा :
११.७ वाचून पोटात गोळा आला.

आकडेमोड :
तो आकडा तुमच्या आत्यांचा नाही. एबीसी-०२ मधल्या लोकांचं ऑपरेशन शक्यच नव्हतं, बहुतेकांचा रोग लांबवर पसरलेला होता. शिवाय मध्यक म्हणजे निम्मे त्याच्या पुढे जगले. मुदत नव्हे ती. आत्यांचा गट वेगळा, लांब न पसरलेला पण जागेवर वाढलेला.

तिरकस :
मग रेडिएशन का नाही देत? हा प्रश्न खरा आहे, टोमणा नाही.

शस्त्रवैद्य :
देतातही. टाटा मेमोरियलच्या पोलकॅजीबी चाचणीत नेमकं हेच तपासलं, जागेवर वाढलेल्या पित्ताशयाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनआधी नुसती किमो की किमो अधिक रेडिएशन. रेडिएशनच्या गटात गाठ स्वच्छ कडेने निघालेल्यांचं प्रमाण जास्त आलं. उंबरठा, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. गाठ कुठे आहे, आतडं किती जवळ आहे, यावर उत्तर बदलेल.

काचपट्टी :
आणखी एक. तुकडा घेतलाच आहे तर त्यावर हर२ (पेशींवरचं एक प्रथिन) आणि एमएसआय (पेशींची डीएनए-दुरुस्ती बिघडली आहे का) या तपासण्या होतील का ते विचारा. पित्ताशयाच्या कॅन्सरमध्ये काही जणांत हर२ जास्त असतं, आणि त्यावर नेम धरून काम करणारी औषधं आली आहेत. पहिल्या दिवशी गरज नसेल, पण लागेल तेव्हा नमुना शिल्लक हवा.

सीए १९-९ (रक्तातून मोजतात ती कॅन्सरची एक खूण) चा आकडा वर-खाली झाला की घाबरू नका. नुसती कावीळ झाली तरी तो चढतो, आणि काही लोकांच्या रक्तात तो मुळात तयारच होत नाही.

आडवाट :
डॉक्टर, एक विचारतो. किमोनंतर गाठ तेवढीच राहिली, वाढलीही नाही आणि आटलीही नाही, तर?

शस्त्रवैद्य :
चांगला प्रश्न. 'तेवढीच' हेही उत्तर वाईट नाही. नवीन कुठे काही नाही, पेशंट चालताफिरता आहे, रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, तर मी ऑपरेशनला तयार होईन. स्कॅनवर जिवंत गाठ आणि मेलेल्या गाठीचा व्रण सारखेच दिसू शकतात. उलट गाठ अर्ध्यावर आली पण पेशंट अंथरुणाला खिळलाय, तर मी थांबेन. माझे काही सहकारी याहून काटेकोर आहेत, त्यांना गाठ आटलेलीच हवी असते.

मोरपीस :
म्हणूनच आईला रोज चालायला लावायचो. ती चिडायची. वजनकाट्याला तर तिने नाव ठेवलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उंबरठा :
सगळ्यांचे आभार. काल डॉक्टरांकडे आतोबांना आणि आत्येभावाला घेऊनच गेले. शस्त्रवैद्य यांच्या पोस्टवरून सरळ विचारलं, स्कॅनमध्ये काय दिसलं तर तुम्ही ऑपरेशन कराल आणि काय दिसलं तर नाही? त्यांनी सीटी उघडून दाखवलं. यकृताच्या धमनीची उजवी फांदी गाठीला टेकली आहे. आज उघडलं तर यकृताची उजवी बाजू काढावी लागेल आणि तरी कड स्वच्छ येईल याची खात्री नाही. गाठ तिथून सुटली तर लहान ऑपरेशनमध्ये भागेल. नवीन डाग आले तर नाही. रेडिएशनचं स्कॅननंतर ठरवणार. हर२ साठी नमुना पाठवला आहे.

आतोबांनी ऐकून घेतलं. पटलं असं म्हणाले नाहीत, पण "सुरू करा" म्हणाले.

आत्या इतके दिवस गप्प होती, ती निघताना म्हणाली, "आणि ऑपरेशन नाहीच झालं तर ही किमो फुकट गेली का?" डॉक्टर म्हणाले, नाही, ऑपरेशन शक्य नसतं तरी तुम्हाला हीच किमो दिली असती. हे आम्हा कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मला वाटतं तिला एवढंच विचारायचं होतं.

आडवाट :
आत्यांनी नेमकं विचारलं. हे उत्तर आमच्या वेळी कुणी दिलं असतं तर बाबांना बरं वाटलं असतं.

माझं मत फार बदललेलं नाही, पण एक कामाचं सांगतो. थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर सकाळची वाट बघू नका. रात्री कुणाला फोन करायचा तो नंबर पहिल्या सायकलच्या आधी घ्या, आणि स्टेंट टाकणारा विभाग रात्री चालू असतो का तेही विचारा.

शस्त्रवैद्य :
आडवाट यांच्या या पोस्टला शंभर टक्के अनुमोदन.

उंबरठा :
नंबर घेतला, आत्येभावाच्या आणि माझ्या, दोघांच्या फोनमध्ये आहे. पहिली सायकल सोमवारी.

रानजाई :
धागा वाचून धसका घेतलाय. माझ्या सोनोग्राफीत पित्ताशयात १२ मिमीचा पॉलिप (अस्तरावर उगवलेला कोंब) आहे, खडे नाहीत, काही त्रास नाही. थांबू का?

काचपट्टी :
१० मिमीच्या पुढचा पॉलिप असेल तर सहसा पित्ताशय काढायचाच सल्ला देतात. बहुतेक पॉलिप साधेच निघतात, पण सर्जनना दाखवा. आणि काढलं तर रिपोर्ट मागा, खडे नसल्याने डबी मिळणार नाही.

तिरकस :
काकांकडे रिपोर्ट निघाला. 'साधा दाह' असं लिहिलंय. डबी जागेवरच आहे.